इंजिनाचा कॅम निवडताना : आधी माप, मग कापड

आम्ही कापडाचे व्यापारी. आमची उमर जुन्नरच्या पेठेत गज आणि कात्री यांच्या सोबतीने गेली. मोटारीच्या इंजिनावर आम्ही लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या समाजातील किती तरी मुले आज गॅरेज, लेथ, बोअरिंग आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत पुणे-नाशिक रस्त्याने जाताना दर दोन-चार मैलांवर एखादे गॅरेज दिसते, आणि त्यातील बऱ्याच ठिकाणी काळ्या हातांचा आपलाच एखादा मुलगा वाकलेला असतो. त्यांच्या हुनराबद्दल आपल्या पानांवर फारसे लिहिले जात नाही. शिवाय या विषयात आमचे स्वतःचे नुकसान झालेले आहे, आणि नुकसान सोसलेल्या माणसाला बोलण्याचा थोडा हक्क असतो.

गेल्या हंगामातील गोष्ट. आमचा भाचा नारायणगाव रस्त्याला गॅरेज चालवतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने जागा घेतली. ओतूरकडचा एक तरुण शेतकरी त्याच्याकडे जुनी मारुती आठशे घेऊन आला. टोमॅटोचे दोन पैसे हाती आले होते आणि गाडीचा शौक होता. दुसऱ्या एका गॅरेजात त्याने आधीच इंजिन उघडून घेतले होते. हेड तासले होते, वर उंचवटा असलेले नवे पिस्टन बसवले होते. "कॉम्प्रेशन अकरा केले आहे," असे त्याला सांगण्यात आले होते. आता त्याला त्यावर मोठा कॅम हवा होता, रेसच्या गाडीला असतो तसा. अर्धे पैसे त्याने टेबलावर ठेवले.

भाचा संध्याकाळी दुकानी आला. म्हणाला, "मामू, गिऱ्हाईक मोठे आहे. काम केले तर चार लोकांत नाव होईल. पण इंजिन बसले तर तेच चार लोक माझे नाव घालवतील. काय करू?"

आम्ही विचारले, "तू मोजलेस का?"

तो म्हणाला, "काय मोजायचे?"

हा लेख त्या एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

आमचा स्वतःचा तजुर्बा

माल आणायला आमच्याकडे पूर्वी ओम्नी व्हॅन होती. तिचे इंजिन आठशेचेच, तीन सिलिंडरचे, ७९६ सी.सी.चे. भिवंडीहून कापडाचे गठ्ठे भरून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढायचा तर ती दमायची. एका कारागिराने सांगितले, हेड तासून देतो, ताकद वाढेल. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष विचारून न घेणाऱ्या आमचाही होता. हेड तासले. जुन्नर, घोडेगाव, मंचर या आमच्या नेहमीच्या रस्त्यांवर व्हॅन छान पळू लागली. आम्ही खूश झालो.

ईद तीन आठवड्यांवर आली होती. वैशाखाचे ऊन. भिवंडीत माल भरला आणि दुपारी निघालो. मुरबाड सोडल्यापासूनच इंजिनात टिणटिण आवाज येऊ लागला. आम्ही म्हटले, टॅपेटचा असेल. घाटात अर्ध्यावर आवाज खडखडीत बदलला आणि निळा धूर निघाला. एका पिस्टनचा रिंगांच्या मधला भाग तुटला होता. माल भाड्याच्या टेंपोने चौथ्या दिवशी जुन्नरला पोचला. तोवर गिऱ्हाईक नारायणगावला खरेदी करून मोकळे झाले होते. त्या वर्षीचे कितीतरी थान आम्ही पुढच्या दिवाळीला पडत्या भावाने काढले.

जुन्नरला चालणारे इंजिन मुरबाडला का तुटले? याचे कारण आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळले. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचावर आहे. इथली हवा कल्याण-भिवंडीच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के विरळ असते. इथे इंजिनात कमी हवा भरते, म्हणून दाबही कमी होतो. खाली कोकणात उतरले की तेच इंजिन जास्त हवा ओढते, वर उन्हाची गरमी आणि मालाचा बोजा. दाबाची हद्द इथे कशीबशी सांभाळली जात होती, ती तिथे ओलांडली गेली. पेट्रोल भलत्या ठिकाणी आपोआप भडकले, आणि तोच तो टिणटिण आवाज. त्याला नॉकिंग म्हणतात. हा आवाज म्हणजे पिस्टनवर पडणारे हातोड्याचे घाव होत. म्हणून आपल्या भागातील कारागिराने इंजिन जुन्नरच्या नव्हे, कल्याणच्या हवेसाठी बांधावे.

कॅम म्हणजे काय

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेली एक दांडी. क्रँक दोन वेळा फिरला की ती एकदा फिरते. तिचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटवतात. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर दुकान किती वाजता उघडायचे, शटर किती वर करायचे आणि किती वाजता बंद करायचे, हे सगळे कॅम ठरवतो.

शटर किती वर जाते त्याला लिफ्ट म्हणतात. दुकान किती वेळ उघडे राहते त्याला ड्युरेशन म्हणतात, आणि ते क्रँकच्या अंशांत मोजतात. जळालेला वायू बाहेर जाण्याचे दार अजून मिटलेले नाही आणि नवी हवा आत येण्याचे दार उघडलेले आहे, अशी जी मधली वेळ असते तिला ओव्हरलॅप म्हणतात. मोठा कॅम म्हणजे जास्त ड्युरेशन, जास्त ओव्हरलॅप. इंजिन जोरात फिरत असताना हवेला आत शिरायला वेळ कमी मिळतो, तेव्हा हा कॅम कामाला येतो. पण इंजिन हळू फिरत असताना तोच कॅम आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. गाडी उभी असताना थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दम नसतो, पेट्रोल जास्त लागते.

पण सगळ्यांत महत्त्वाची वेळ आहे ती इनलेट व्हॉल्व्ह मिटण्याची. पिस्टन खाली जाऊन वर यायला लागला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. तो मिटल्यावरच खरा दाब सुरू होतो. म्हणजे कागदावरचे कॉम्प्रेशन एक, आणि इंजिनाला प्रत्यक्ष मिळणारे कॉम्प्रेशन दुसरे. व्हॉल्व्ह जितका उशिरा मिटेल तितका प्रत्यक्ष दाब कमी. कॅमची निवड इथेच ठरते.

मोजले तेव्हा काय निघाले

भाच्याने दुसऱ्या दिवशी काम सुरू केले. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली. काचेच्या जाड तुकड्याला भोक पाडून तो हेडच्या खोलगट भागावर ग्रीसने चिकटवला आणि रॉकेल भरून भरून किती सी.सी. बसते ते मोजले. गास्केटची जाडी आणि पिस्टनच्या उंचवट्याचा हिशेब धरला. तिन्ही सिलिंडरचे माप घेतले.

आठशेचा बोअर ६८.५ मि.मी. आणि स्ट्रोक ७२ मि.मी. आहे. एका सिलिंडरचे माप होते सुमारे २६५ सी.सी. पिस्टन वर असताना उरलेली जागा निघाली २८ सी.सी.च्या जवळ. २६५ ला २८ ने भागा आणि एक मिळवा. उत्तर येते साडेदहा. अकरा सांगितले होते ते तोंडी होते, साडेदहा हे मापाचे होते.

मग भाच्याने पुण्यात कॅम ग्राइंडिंग करणाऱ्या एका उस्तादांकडे चौकशी केली. तीन प्रकार समोर आले. पहिला छोटा, ड्युरेशन २४८ अंश, इनलेट मिटण्याची वेळ पिस्टन तळाला गेल्यानंतर ५० अंशांनी. दुसरा मधला, २६४ अंशांचा, मिटणार ६० अंशांनी. तिसरा मोठा, २८४ अंशांचा, मिटणार ७० अंशांनी. गिऱ्हाइकाला हवा होता तिसरा.

आम्ही दुकानाच्या वहीवर हिशेब मांडला. साडेदहा कॉम्प्रेशनवर पहिला कॅम घातला तर प्रत्यक्ष दाबाचे प्रमाण सव्वानऊच्या घरात जाते. दुसरा घातला तर ८.७. तिसरा घातला तर ८ च्या किंचित वर. कनेक्टिंग रॉडच्या लांबीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा तीच राहते. ॲल्युमिनियमच्या हेडच्या इंजिनात साध्या पेट्रोलवर हे प्रमाण आठ ते साडेआठच्या दरम्यान ठेवावे, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे.

भाचा म्हणाला, "मामू, मग तर तिसराच बरोबर आहे. गिऱ्हाईकही खूश, दाबही बेतात."

कागदावर त्याचे म्हणणे बरोबर होते. हाय कॉम्प्रेशनला मोठा कॅम, छोट्या कॉम्प्रेशनला छोटा कॅम, हा नियम सगळीकडे सांगतात आणि तो खोटा नाही. हाय कॉम्प्रेशन इंजिनात छोटा कॅम घातला तर दाब कोंडतो आणि नॉकिंग होते, हे आमच्या व्हॅनने आम्हाला शिकवलेच होते. पण आम्ही त्याला उलटा प्रश्न केला. ही गाडी चालणार कुठे?

रस्ता पाहून कॅम

गाडी ओतूरहून आळेफाट्याला जाणार, बाजाराच्या दिवशी नारायणगावच्या गर्दीत उभी राहणार, लग्नसराईत चार माणसे आणि सामान घेऊन माळशेज उतरणार आणि चढणार. कधी मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरच्या वळणांवर जाणार. इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर फार थोडा वेळ राहील. बहुतेक वेळ ते दीड ते साडेतीन हजारांत फिरेल. मोठ्या कॅमचा फायदा ज्या ठिकाणी आहे तिथे ही गाडी जाणारच नाही, आणि तोटा ज्या ठिकाणी आहे तिथेच तिचा मुक्काम.

त्यात आठशेचे हे इंजिन मुळात चाळीस अश्वशक्तीच्या आतले. मोठ्या इंजिनात थोडा दम गेला तरी भागते. लहान इंजिनात खालचा दम गेला की घाटात पहिल्या गिअरशिवाय गत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. कॉम्प्रेशन नऊवरून साडेदहावर नेले तर हिशेबाने ताकद चार-पाच टक्केच वाढते. चाळीस अश्वशक्तीच्या आतल्या इंजिनात ही वाढ दोन अश्वशक्तीचीही नाही. साडेदहावरून ९.८ वर उतरलो तर गमावतो सुमारे दोन टक्के. या दोन टक्क्यांसाठी सगळे इंजिन पणाला लावायचे का? व्यापारी माणूस असा सौदा करत नाही.

म्हणून निर्णय असा झाला. रस्त्याला योग्य असलेला मधला कॅम घ्यायचा आणि कॉम्प्रेशन त्याच्या मापाचे करायचे. पिस्टनवरचा उंचवटा लेथवर थोडा उतरवून प्रत्येक सिलिंडरमागे सव्वादोन सी.सी. जागा वाढवली. तिन्ही पिस्टन पुन्हा वजन करून सारखे केले. कॉम्प्रेशन आले ९.८. मधल्या कॅमवर प्रत्यक्ष प्रमाण आले ८.१ च्या जवळ. भिवंडीच्या हवेतही हे हद्दीत राहते.

पेट्रोलचा हिशेब

इथे पेट्रोलबद्दल दोन शब्द लिहिणे जरूर आहे. नॉकिंग सोसण्याची पेट्रोलची ताकद ऑक्टेनमध्ये मोजतात. बरीच वर्षे आपल्याकडे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते. २०२५ पर्यंत देशातील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले, आणि सरकारी खुलाशाप्रमाणे त्याचे ऑक्टेन ९५ आहे. उसाच्या मुलखातील आपल्या लोकांना इथेनॉल नवे नाही. हाय कॉम्प्रेशन इंजिनाला ते मानवते. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण जास्त तापते. म्हणून जेट तपासून बदलावे लागते, आणि जुने रबरी पाइप व डायफ्रॅम बदलावे लागतात. भाच्याने हे सगळे केले. हिशेब मात्र त्याने ९१ धरूनच केला. माप नेहमी कमी बाजूने धरावे, म्हणजे वेळेला अडचण येत नाही.

बसवताना घेतलेली काळजी

कॅम निवडला म्हणजे काम संपले असे नाही. पुढील गोष्टी लहान वाटतात, पण इंजिने यांच्यामुळेच फुटतात.

एक. या इंजिनाचा कॅम हेडवर असतो आणि टायमिंग बेल्टने फिरतो. हेड तासले की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि त्याची वेळ एक-दोन अंशांनी मागे सरकते. खुणा जुळल्या म्हणजे वेळ जुळली असे समजू नये. अंशांची चकती क्रँकला लावून आणि डायल गेजने व्हॉल्व्ह पाहून वेळ पक्की करावी. भाच्याने पुलीला लांबट भोके पाडून घेतली आणि फरक काढला.

दोन. ग्राइंड केलेल्या कॅमचा मूळ गोल लहान होतो, म्हणून टॅपेटचे स्क्रू नव्याने लावावे लागतात. घासताना वरचा कठीण थर निघून गेला असेल तर कॅम थोड्याच दिवसांत खाल्ला जातो. ग्राइंडरकडून कठीणपणा तपासून घ्यावा.

तीन. लिफ्ट वाढली आणि पिस्टनवर उंचवटा असला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोनदा फिरवावे आणि माती कापून जाडी पाहावी. इनलेटला निदान दीड आणि एक्झॉस्टला दोन मि.मी. जागा राहिली पाहिजे.

चार. नव्या कॅमला लेप लावून बसवावे आणि पहिली वीस मिनिटे इंजिन मंद न ठेवता दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवावे. मंद चालीत कॅमवर तेल कमी उडते.

कायदा आणि लिखापढी

आपल्या दोन्ही तालुक्यांच्या गाड्यांची नोंदणी एम.एच. १४ ची. इंजिनाची सी.सी. बदलली तर नोंदणीतील तपशील बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ त्याला मुभा देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॅम आत असतो, दिसत नाही, पण पी.यू.सी.च्या नळीला तो कळतो. ओव्हरलॅप जास्त असला की मंद चालीत न जळालेले पेट्रोल तसेच बाहेर जाते आणि गाडी नापास होते. मोठा कॅम न घेण्याचे हेही एक कारण होते. विमा कंपनीलाही बदल कळवलेला बरा.

कारागीर बांधवांना आमची एक कळकळीची सूचना आहे. जे कराल ते लिहून द्या. भाच्याने एका कागदावर तिन्ही सिलिंडरचे माप, कॉम्प्रेशन, कॅमचे अंश, गास्केटची जाडी आणि टॅपेटचे अंतर लिहिले, एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि एक गिऱ्हाइकाला दिली. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक कायद्याखाली येणारी सेवा आहे. उद्या तक्रार निघाली तर तोंडी बोलणे कामाला येत नाही, कागद येतो. आम्ही कापडाचे गज मोजून देतो आणि पावतीवर लिहितो. इंजिनाचा कारागीर यापेक्षा मोठी जोखीम घेतो, मग त्याने का लिहू नये?

गिऱ्हाइकाला सांगताना

सगळ्यांत कठीण काम इंजिनाचे नव्हते. त्या तरुणाला "नाही" म्हणायचे होते. भाच्याने आम्हाला सोबत बसवले. तरुण नाराज झाला. म्हणाला, "भाई, पैसे मी देतोय. मला मोठाच कॅम पाहिजे. दुसरीकडे लगेच बसवून देतील."

भाच्याने वही पुढे केली आणि आकडे समजावले. शेवटी म्हणाला, "दादा, तुम्ही मोठा कॅम घ्याल तर तुमचे पैसे हे घ्या परत. मी बसवणार नाही. तुम्ही घाटात बायको-पोरांना घेऊन जाणार, आणि रात्री गाडी बंद पडली तर फोन मलाच येणार."

तरुण आमच्याकडे वळला. "चाचा, तुम्ही काय म्हणता?"

आम्ही त्याला ईदच्या मालाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. शेतकरी माणूस, हंगाम चुकणे म्हणजे काय ते त्याला सांगावे लागत नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "बसवा मधला."

गाडी होऊन आज सात महिने झाले. पावसाळ्यात ती चार माणसे घेऊन कल्याणला जाऊन आली. येताना घाटात दुसऱ्या गिअरवर चढली, टिणटिण नाही. रेसच्या गाडीसारखा आवाज नाही याची त्या तरुणाला अजून खंत आहे, आणि तो ती बोलून दाखवतो. पण गेल्या महिन्यात त्याने आपल्या चुलत भावाची गाडी त्याच गॅरेजला पाठवली. भाच्याने गाडी उघडण्याआधी सिरिंज आणि काच टेबलावर काढून ठेवली.

आमच्या धंद्यात शिंपी म्हणतात, कापड कापायच्या आधी दोनदा मापावे, कारण कापल्यावर कात्री माघार घेत नाही. लेथच्या टोकाचेही तसेच आहे. आपल्या मुलांच्या हाताला हुनर आहेच. त्याला मापाची आणि लिखापढीची सवय लागली, तर दोन पैशांच्या मोहाने हातचे गिऱ्हाईक आणि नाव घालवण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.